तीन वार आणि शेवटची सहा सेकंदं

मुरूडच्या नवाबांच्या अमलातला, म्हणजे जंजिरा संस्थानचा, एक स्टॅम्प पेपर इंग्लंडमधल्या कुणीतरी ई-बेवर विकायला काढला होता. आठवडाभर त्यावर दोघातिघांच्या किरकोळ बोल्या होत्या. लिलाव संपायला सहा सेकंदं उरली असताना एक नवी बोली पडली आणि तो कागद पुन्हा रायगडच्या किनाऱ्याकडे निघाला. बोली लावणारी त्या वेळी चौलच्या घरात गाढ झोपली होती. उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दीड झालेला असतो. आपला आकडा तिने आधीच एका सॉफ्टवेअरमध्ये भरून ठेवला होता. आयत्या वेळी तो पुढे सरकवणं, एवढंच त्या सॉफ्टवेअरचं काम.

याला स्नाइपिंग म्हणतात. ई-स्नाइप, गिक्सेन अशा सेवा त्यासाठी आहेत आणि ई-बेला ते चालतं. चालत नाही ते या बाईंच्या मामांना. मामा अलिबागच्या कलेक्टर कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि नोकरीत त्यांनी रेतीपासून जप्तीच्या मालापर्यंत अनेक लिलावांचे कागद रंगवले. भाची कॉलेजात शिकवते आणि जुन्या कुलाबा जिल्ह्याचे स्टॅम्प, दस्त, नाणी जमवते. मी त्यांचा शेजारी, म्हणून मधे बसलो होतो. दोघांचं बोलणं जसं झालं तसं देतो. मधे माझं नाक खुपसलं आहे तिथे ते दिसेलच.

मामा : अगं, लिलाव ही चारचौघांत करायची गोष्ट आहे. साखर-आक्षीला जाऊन बघ. होडी लागते, पाट्या खाली येतात, बायका भोवती गोळा होतात. बोली तोंडाने द्यायची, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. कोण वर गेलं ते दिसतं. मग एकवार, दोनवार, आणि तीनवार म्हणायच्या आधी एकदा सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं, कुणी राहिलंय का म्हणून. तुझ्या त्या यंत्राने ते बघणंच काढून टाकलं.

भाची : मी नाही काढलं, मामा. तिथे ते पहिल्यापासून नाहीच. तिथे लिलाव घड्याळावर संपतो. रविवारी रात्री नऊ वाजून चार मिनिटं म्हटलं की संपला, मग पुढे कुणी तोंड उघडलेलं असो वा नसो.

(बंदराचं चित्र मामांनी जरा गोडच काढलं. बऱ्याच होड्यांना डिझेल-बर्फासाठी व्यापाऱ्याने आगाऊ पैसे दिलेले असतात आणि तो माल कुणाकडे जाणार हे होडी सुटतानाच ठरलेलं असतं. तिथला तीनवार कधी कधी नुसता उपचार असतो.)

मामा : बरं, घड्याळ तर घड्याळ. पण आठवडाभर गप्प बसायचं आणि शेवटच्या सहा सेकंदांत मुसंडी मारायची, ही कुठली रीत? समोरच्याला उत्तर द्यायला वेळच नाही.

भाची : उत्तर त्याने आधीच दिलेलं असतं. नीट ऐका. समजा, समोर चाळीस डॉलर दिसतायत. पण आधीच्या गिऱ्हाइकाने आपली कमाल पंच्याहत्तर भरून ठेवलीय, ती साइट कुणाला दाखवत नाही. माझी कमाल नव्वद. ती पडली की साइट दोन्ही आकडे भिडवते. वस्तू मला मिळते आणि मला पडते शहात्तरला, त्याच्यापेक्षा एक पायरी वर. आता माझी कमाल सत्तर असती तर? सहा काय, अर्धं सेकंद उरलेलं असताना टाकली असती तरी मी हरले असते आणि त्याला ती एकाहत्तरला गेली असती. उशिरा येणारा जिंकत नाही, जास्त देणारा जिंकतो.

मामा : मग उशिरा येतेस कशाला? नव्वद द्यायचेत ना? सोमवारीच दे की.

मामांनी सहज विचारलेला हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनाही छळून गेला आहे. विल्यम व्हिक्री यांनी १९६१ मध्ये दाखवून दिलं होतं की जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच किंमत द्यायची असेल, तर प्रत्येकाने मनातला खरा आकडा सांगण्यातच त्याचं भलं असतं. त्यांना १९९६ मध्ये नोबेल मिळालं आणि जाहीर झाल्यावर तीनच दिवसांत ते वारले. गंमत म्हणजे टपाल तिकिटांचे व्यापारी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरत होते. गिऱ्हाइकांनी पत्राने कमाल कळवायची, आणि वरच्या माणसाला दुसऱ्याच्या एक पायरी वर माल द्यायचा. त्या हिशेबाने भाचीने सोमवारी आकडा टाकला काय किंवा रविवारी टाकला काय, फरक पडायला नको. पण पडतो.

भाची : फरक पडतो कारण माणसं खरी कमाल भरतच नाहीत. पंच्याहत्तर भरणाऱ्याला ‘तुमच्यावर कुणीतरी गेलं’ असा मेल आला की त्याचे ऐंशी होतात. मग पंच्याऐंशी, मग शंभर. वस्तू हवी म्हणून नव्हे, आपण हरलो म्हणून. मी उशिरा येते ते त्याच्या या खाजेला वाव मिळू नये म्हणून. आणि स्वतःच्याही. आकडा एकदा थंड डोक्याने भरला की संपलं.

मामा : खाज म्हणतेस ते खरं. महाडला सावित्रीच्या रेतीसाठी दोन ठेकेदार इरेला पेटलेले मी पाहिलेत. घेतला एकाने गट, आणि मग पैसे भरता भरता नाकी नऊ आले. पण म्हणून दुसऱ्याला उत्तरच द्यायला मिळू नये? गणपतीला गावी जाणाऱ्या माणसाला विचार यंत्र म्हणजे काय ते. साठ दिवस आधी सकाळी आठला आरक्षण उघडतं आणि बघता बघता कोकणकन्या फुल्ल. तत्काळमध्ये दलालांनी सॉफ्टवेअर लावून इतका धुमाकूळ घातला की रेल्वेला जुलै २०२५ पासून आधार सक्तीचं करावं लागलं, एजंटांना पहिला अर्धा तास बंद करावा लागला. तिथे यंत्र लावणारा दलाल आणि तू लावलंस की संग्राहक?

भाची : तिकिटाचा दर ठरलेला असतो, मामा. सगळे तेवढेच पैसे देणार, म्हणून जो आधी पोचेल त्याला मिळतं. तिथे वेग हेच चलन आहे आणि यंत्र ते खोटं पाडतं. माझ्या लिलावात वेगाला काडीची किंमत नाही. दोघांनी यंत्रं लावली, तरी ज्याचा आकडा मोठा त्यालाच वस्तू. माझं यंत्र रांगेत घुसत नाही, बंद पाकीट नेऊन टाकतं. पेणच्या आरटीओत एका चॉइस नंबराला दोन अर्ज आले की काय करतात? जादा रकमेचा डीडी सीलबंद पाकिटात मागवतात. तुम्ही त्याला कधी दरोडा म्हणाला नाहीत.

मामा यावर थोडे थबकले. तत्काळचा दाखला त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि माझ्या मते तो तिथेच निकालात निघाला. पण त्यांनी पाकिटाचं टोक बरोबर पकडलं.

मामा : पाकीट टाकायचं असेल तर सगळ्यांनीच टाकावं. आरटीओत दोघांनाही माहीत असतं की पाकिटं आहेत. तुझ्या लिलावात बाकीच्यांना वाटतं उघड बोली चाललीय. तो बिचारा चाळीस बघतो आणि म्हणतो, चला, बेचाळीसला मिळेल. तू अंधारात नव्वद घेऊन बसलेली. बाकीच्यांची मूठ उघडी आणि तुझी तेवढी झाकलेली.

भाची : बेचाळीस भरणाऱ्याला साइट पहिल्याच पानावर सांगते की कमाल भरा. त्याने वाचलं नाही तर तो माझा गुन्हा?

मामा : आणि तो कागद कसला होता ते सांग यांना.

मग तिने मला कागद दाखवला. वरच्या भागात संस्थानचा छाप, खाली मोडीत घट्ट ओळी, कडेला वाळवीने कुरतडलेली किनार. विक्रेत्याने वर्णनात फक्त ‘भारतीय संस्थानचा जुना दस्त’ एवढं लिहिलं होतं. भाची मोडी वाचते. श्रीवर्धनातली एक सुपारीची वाडी एकाने दुसऱ्याला लिहून दिल्याचा तो दस्त होता, चतुःसीमेसकट. श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानातच होतं. ‘पूर्वेस ओहोळ’ या शब्दांवर तिने बोट ठेवलं, तेव्हा मामाही चष्मा पुसून वाकून बघत होते.

भाची : आता सांगा, मंगळवारी नव्वदची बोली टाकली असती तर काय झालं असतं? माझं नाव झाकलेलं असतं, पण किंमत हलली की जाणती माणसं बघायला येतात, यात एवढं काय आहे म्हणून. फोटो मोठा करून मोडी वाचणारे माझ्याशिवायही आहेत. मोडी मी शिकले, सुट्ट्या घालवल्या. ते ज्ञान मी बोलीबरोबर फुकट वाटायचं?

मामा : वाटायचंच! लिलावाचं खरं काम तेच. बंदरावर नवी बाई पहिल्यांदा येते. घोळ माशाची किंमत त्याच्या पोटातल्या भोतावर, म्हणजे हवेच्या पिशवीवर असते, हे तिला काय माहीत? तिथल्या जुन्या बायका कुठपर्यंत चढतात ते बघत ती शिकते. पालघरकडे मुरब्याला २०२१ मध्ये १५७ घोळी एक कोटी तेहतीस लाखांना गेल्या. ते पैसे होडीवाल्याला मिळाले कारण व्यापारी एकमेकांदेखत चढले. सगळे तुझ्यासारखे शेवटी आले तर नवख्याला शिकवायचं कुणी? आणि विकणाऱ्याला त्याच्या मालाची किंमत कळायची कशी?

या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा. ज्या वस्तूची खरी किंमत कुणालाच नक्की ठाऊक नसते, तिथे दुसऱ्याची बोली ही माहिती असते. पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० मध्ये नोबेल मिळालं त्या कामाचा मोठा भाग याच गोष्टीभोवती आहे. उघड बोलीत माहिती वाटली जाते, म्हणून माणसं बिचकत नाहीत आणि विक्रेत्यालाही बरा भाव येतो. शेवटच्या सेकंदाला येणारा जाणकार दुसऱ्यांच्या बोल्या वाचून घेतो आणि स्वतःची वाचू देत नाही. भाचीला हे मान्य आहे. तिला त्यात काही चुकीचं वाटत नाही, एवढंच.

भाची : विकणाऱ्याची एवढी कणव येत असेल तर त्याची दुसरी बाजूही सांगा. तो मेव्हण्याच्या नावाने खातं काढतो आणि स्वतःच्याच मालावर बोली चढवतो. मी सोमवारी नव्वद भरले की मेव्हणा पन्नास, साठ, सत्तर करत माझी कमाल चाचपत येणार. ई-बेला ते मंजूर नाही, पण पकडणार कोण? शेवटच्या सहा सेकंदांत मेव्हण्याला चाचपायला वेळ नसतो. आणि तुमचा उघड लिलाव एवढा पवित्र असता तर रेतीत रिंग कशी व्हायची?

मामा हसले. यावर त्यांच्याइतकं अधिकाराने बोलणारं आमच्यात कुणी नव्हतं.

मामा : व्हायची. कचेरीच्या पायरीवरच ठरायचं कोणी कुठला गट घ्यायचा ते. आत एकजण हातच्या किमतीवर शंभर चढवायचा, बाकीचे आढ्याकडे बघत बसायचे. आम्ही आपले एकवार, दोनवार, तीनवार. पुढे सगळं ऑनलाइन झालं. मग २०२३ ला सरकारने लिलावच नको म्हणून सहाशे रुपये ब्रासने डेपोतून वाळू द्यायचं काढलं, आणि २०२५ ला पुन्हा लिलावावर आलं.

भाची : बघा. उघड बोलीत रिंग टिकते, कारण कुणी शब्द मोडला तर तिथल्या तिथे दिसतो आणि बाकीचे त्याला उरू देत नाहीत. शेवटच्या सेकंदाला शब्द मोडता येतो. माझ्या यंत्राचं हे पुण्य तुमच्या खात्यावर मांडा.

मामा : मांडतो. पण आता उरणला ये. न्हावा-शेव्याला आलेला माल तीस दिवसांत सोडवला नाही तर कस्टम कायद्याच्या ४८ व्या कलमाखाली नोटीस देऊन विकता येतो. ‘जसा आहे, जिथे आहे’. आधी अनामत भरायची आणि संगणकावर बोली लावायची. बँकांनी जप्त केलेल्या अलिबागच्या बंगल्यांचंही तसंच. तिथे तुझं यंत्र लावून दाखव. शेवटच्या पाच मिनिटांत बोली पडली की लिलाव आपोआप पाच मिनिटांनी वाढतो. पुन्हा पडली की पुन्हा वाढतो. संगणकच एकवार-दोनवार म्हणतो. सरकारी कारकुनाच्या डोक्यातून निघालेली गोष्ट तुझ्या ई-बेला सुचू नये?

इथे मी मधे पडलो, कारण मामांना माहीत नसलेला साक्षीदार माझ्या खिशात होता. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघांनी २००२ मध्ये हेच तपासलं होतं. तेव्हा ॲमेझॉनही लिलाव चालवत असे आणि तिथला नियम मामांच्या उरणसारखाच होता : ठरलेली वेळ झाली तरी शेवटच्या बोलीनंतर दहा मिनिटं शांततेत गेल्याशिवाय लिलाव संपायचा नाही. ई-बेवर वेळ पक्की. त्यांना आढळलं की शेवटच्या घटकेला उड्या पडतात त्या ई-बेवर, ॲमेझॉनवर फार कमी. ई-बेवरही संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात त्या जास्त, म्हणजे जिथे जाणकारीला किंमत आहे तिथे. भाचीच्या मोडीची गोष्ट त्या आकड्यांत आधीच नोंदलेली होती.

मामा : म्हणजे माणसं तीच, नियम बदलला की वागणं बदललं. मी कागदपत्रांत जन्म घालवला, मला हे नवीन नाही.

नवीन तर अजिबात नाही. सतराव्या शतकात लंडनला मेणबत्ती पेटवून लिलाव करत; ज्योत विझायच्या क्षणी ज्याची बोली शेवटची त्याचा माल. सॅम्युअल पेपीसने १६६२ च्या रोजनिशीत एका हुशार गड्याची नोंद केली आहे. तो दर वेळी बरोबर शेवटी ओरडायचा. विचारल्यावर त्याने गुपित सांगितलं की विझताना वातीचा धूर खाली वळतो. यंत्र नसतानाही लोक धुराकडे डोळे लावून बसत होते. त्यामुळे सॉफ्टवेअरला दोष देणं मला पटत नाही; दोष द्यायचाच तर तो लिलाव घड्याळावर तोडणाऱ्या नियमाला द्यावा. ‘कुणी राहिलंय का’ ही विचारणा नियमात ठेवली, तर स्नाइपिंगची निम्मी गरजच संपते.

भाचीला मात्र वाढत जाणारा लिलावही नको आहे.

भाची : पाच-पाच मिनिटांनी वाढणारा लिलाव जिंकतो कोण? जो जागा आहे, ज्याच्या घरात लाइट आहे, ज्याला दुसऱ्या दिवशी नोकरी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा किती दिवस अंधारात होतो, आठवतं? श्रीवर्धनकडे तर विचारूच नका. माझं यंत्र माझ्या घरात नाही, ते परदेशातल्या सर्व्हरवर चालतं. चौलमध्ये खांब पडला तरी माझी बोली पडते. अमेरिकेतला रविवार संध्याकाळचा लिलाव इथे सोमवारी सकाळी, मी पहिल्या तासाला वर्गात असताना संपतो. किनाऱ्यावरच्या माणसाला मुंबई-लंडनच्या व्यापाऱ्याबरोबर बसवणारी एवढी एकच सोय आहे.

मामा : आणि त्या सोयीच्या हातात तू तुझ्या खात्याचा पासवर्ड दिलायस. कुठल्या देशातला कोण माणूस, त्याचं तोंड तू पाहिलेलं नाहीस. घराची किल्ली अशी देशील?

भाची : त्याला पर्याय नाही. म्हणून तो पासवर्ड दुसरीकडे कुठेच वापरत नाही, आणि बँकेचं कार्ड त्या खात्याला जोडून ठेवत नाही.

हे उत्तर अपुरं आहे आणि तिलाही ते माहीत आहे, असं मला वाटलं. तिने लगेच विषय सरकवला. एकाच प्रकारचा स्टॅम्प तीन जणांनी विकायला लावला असेल तर तिन्ही बोल्या एका गटात टाकता येतात, एक मिळाला की यंत्र बाकीच्या आपोआप रद्द करतं, नाहीतर तिन्ही गळ्यात पडायचे, वगैरे. जिंकलेली वस्तू घ्यावीच लागते हे तिला पक्कं ठाऊक आहे.

मामा : एक मात्र सांग. आपल्या देशातून गेलेली चीज असल्या लपाछपीने परत आणायची? हे मला जड जातं.

भाची : मामा, शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर न्यायला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, पण आधीच गेलेल्या परत आणायच्या तर बाजारातच उतरावं लागतं. रघुजी भोसल्यांची तलवार आठवा. एप्रिल २०२५ मध्ये लंडनला सोदबीजच्या लिलावात निघाली, सरकारला ऐन वेळी कळलं, आणि मध्यस्थ घालून घेतली. ४७ लाख १५ हजार पडले. सरकारने मध्यस्थ घातला तर मुत्सद्देगिरी, आणि माझा मध्यस्थ सॉफ्टवेअर असला की लपाछपी?

मामा : सरकारने ती तलवार मुंबईत आणून लोकांना दाखवली. तू तुझा कागद कपाटात ठेवणार.

भाची : स्कॅन करून ठेवलाय. श्रीवर्धनला त्या वाडीचे आजचे मालक सापडले तर त्यांना प्रत देणार आहे.

हे तिने आधी कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनी मान डोलावली, पण स्नाइपिंगबद्दलचं मत काही बदललं नाही. उलट, ज्ञान शेवटी वाटायचंच असेल तर बोलीच्या वेळीच का नाही, असं त्यांनी पुन्हा विचारून घेतलं. ती म्हणाली, आधी कागद हातात यायला हवा.

पुढच्या आठवड्यात आंग्र्यांच्या टांकसाळीतला एक अलिबागी रुपया लिलावाला निघतो आहे. विक्रेत्याने तो नुसता ‘मराठा रुपया’ म्हणून लावला आहे. भाचीचा आकडा सॉफ्टवेअरमध्ये भरून झालेला होता.

मामा : किती टाकलेस?

भाची : नाही सांगणार. तुमच्या अलिबागच्या मित्रांत दोघे जण नाणी जमवतात.